पेढे वाटून झाले, आणि सीजीपीए ६.७१

प्रश्न (पत्र बरंच मोठं होतं. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते आहे.)

ताई, मी २२ वर्षांची, तालुक्याच्या गावातली. यंदा मेकॅनिकल इंजिनिअरिंग पूर्ण केलं. बाबांची पिठाची गिरणी आहे. शेवटच्या सेमिस्टरला आठच्या जवळ पॉइंट आले म्हणून बाबांनी ‘पोरगी फर्स्ट क्लास’ म्हणत अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. मग अंतिम गुणपत्रक हातात आलं. सीजीपीए, म्हणजे आठही सेमिस्टरच्या ग्रेड पॉइंटची सरासरी, ६.७१; उच्च द्वितीय श्रेणी. आमच्याकडे प्रथम श्रेणी ६.७५ ला लागते. मी आणि माझ्या मैत्रिणीने आठही सेमिस्टरचे गुण मांडून पाहिले. माझी बेरीज तिच्यापेक्षा ११ ने जास्त आहे, तरी तिला फर्स्ट क्लास आणि मला नाही. हे कसं काय? काही जण म्हणतात, तिची ओळख असेल. दुसरी गोष्ट मला जास्त खाते आहे. एका कंपनीच्या फॉर्मवर पदवीला किमान ६० टक्के अशी अट होती. वर्गातले सगळे सीजीपीएला ९.५ ने गुणत होते, मीही गुणलं आणि ६३.७५ लिहिलं. लेखी झाली, इंटरव्ह्यू झाला, आता पंधरा दिवसांनी कागदपत्रांची तपासणी आहे. विद्यापीठाचं सूत्र नंतर कळलं. त्याने ५९.६ येतात. मित्र म्हणतात, राउंड करून ६० सांग. आई म्हणते, गप्प बस, कोण बघतंय. बाबांना अजून काहीच सांगितलेलं नाही. काय करू?

उत्तर

तुझ्या पत्रासोबत दोघींच्या गुणपत्रकांचे फोटो होते, त्यामुळे वही-पेन घेऊनच बसले. आधी ती ओळखीची शंका बाजूला ठेवू, कारण तुझ्या मैत्रिणीला फर्स्ट क्लास मिळायला कुणाच्या ओळखीची गरज नव्हती. नुसत्या आकडेमोडीने तो मिळतो. कसा, ते तुमच्या सहाव्या सेमिस्टरचे चार विषय घेऊन दाखवते. क्रेडिट म्हणजे त्या विषयाला दिलेलं वजन.

हीट ट्रान्सफर, ४ क्रेडिट: तुला ५९, तिला ६०. मशीन डिझाइन, ४ क्रेडिट: तुला ५४, तिला ५५. मेट्रॉलॉजी, ३ क्रेडिट: तुला ४९, तिला ५०. सेमिनार, १ क्रेडिट: तुला ६९, तिला ६०. बेरीज केली तर तुझे २३१, तिचे २२५. तू सहा गुणांनी पुढे.

आता गुणपत्रकाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेला तक्ता बघ. ६० ते ६९ ला ८ पॉइंट, ५५ ते ५९ ला ७, ५० ते ५४ ला ६, ४५ ते ४९ ला ५. प्रत्येक विषयाचे पॉइंट त्याच्या क्रेडिटने गुणायचे, सगळं मिळवायचं आणि एकूण क्रेडिटने भागायचं. तुझे होतात २८, २४, १५ आणि ८, म्हणजे ७५. भागिले १२ केलं की ६.२५. तिचे ३२, २८, १८ आणि ८, म्हणजे ८६, आणि भागाकार ७.१७. गुणांत तू सहाने पुढे, पॉइंटमध्ये जवळपास एकाने मागे!

तुझ्या बाबांच्या गिरणीत ९ किलो ९०० ग्रॅमचं दळण आलं आणि काट्याने ते सरळ ९ किलो धरलं, अशी कल्पना कर. शेजारचीचं बरोबर १० किलो भरलं, तिचे १० धरले. अशी चार दळणं झाली की तुझं जवळजवळ चार किलो पीठ हिशेबातून गेलं. ग्रेडचा काटा असाच आहे. मधले ग्रॅम त्याला दिसत नाहीत. सेमिनारमध्ये तुला ६९ आणि तिला ६०, तरी दोघींना ८ च पॉइंट. तिथले तुझे नऊ गुण वाया गेले, आणि तीन थिअरी विषयांत एकेक गुण कमी पडला तिथे मात्र पुरी पायरी गेली. त्यात सेमिनारला एक क्रेडिट आणि हीट ट्रान्सफरला चार. म्हणजे कुठला गुण कुठे कमावला यालाही किंमत आहे, आणि नुसत्या बेरजेत ती दिसत नाही.

हा काटा बसवण्यामागे एक विचार होता. ५९ आणि ६० या दोन पेपरांत खरा फरक काय? पेपर दुसऱ्या परीक्षकाकडे गेला असता तर एखाद-दोन गुण इकडेतिकडे झालेच असते. म्हणून एकेका गुणावरून तोलण्याऐवजी ढोबळ गट करावेत, आणि देशभर सगळ्यांना कळेल अशी एकच भाषा असावी, या हेतूने यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, दहा पॉइंटची पट्टी सुचवली: ओ ला १०, ए प्लसला ९, असं उतरत पी ला ४ आणि नापासला शून्य. पण कुठल्या ग्रेडला किती गुण हे ज्या त्या विद्यापीठाने ठरवलं. आणि गट केले तरी गटाची कड राहतेच. ज्या एका गुणाचा जाच कमी करायचा होता, तो कडेवरच्या मुलांच्या वाट्याला आला. मला ही पद्धत फारशी आवडत नाही, हे मोकळेपणाने सांगते. पण आवड-नावड वेगळी आणि अन्याय वेगळा. नियम दोघींना तोच लागला.

आता तुझा सगळा हिशेब. तुझ्या अभ्यासक्रमाचे एकूण १६० क्रेडिट. तुझे पॉइंट भरतात १०७४. भागाकार ६.७१२५, दोन दशांशांत ६.७१. फर्स्ट क्लासला हवेत १०८०. सहा कमी पडले. सांगावं की नाही असा विचार केला, पण तू आकडे मांडणारी मुलगी आहेस, आज ना उद्या तुला कळेलच. हीट ट्रान्सफरला ५९ चे ६० आणि मेट्रॉलॉजीला ४९ चे ५० असते तर सात पॉइंट वाढून ६.७६ झाले असते. चार वर्षांतले दोन गुण.

हे वाचून तू लगेच रिव्हॅल्युएशनचा फॉर्म शोधायला उठशील. बस. त्या सेमिस्टरची मुदत कधीच संपली. निकाल लागल्यापासून मोजके दिवस खिडकी उघडी असते, मग बंद. जे अजून शिकत आहेत त्यांनी मात्र हे लिहून ठेवावं: सेमिस्टरचा निकाल आला की आधी ४९, ५४, ५९, ६९ असे कडेवरचे आकडे शोधायचे, त्यांत जास्त क्रेडिटचे विषय कोणते ते बघायचं आणि त्यांचीच फोटोकॉपी मागवायची. सरसकट सगळ्या विषयांची मागवून पैसे घालवू नयेत. आपली उत्तरपत्रिका पाहायचा हक्क माहिती अधिकारात बसतो, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिलेला आहे. फोटोकॉपीत एखादं उत्तर तपासायचं राहिलं आहे का, आतल्या गुणांची बेरीज पहिल्या पानावर नीट चढली आहे का, हे आधी पाहावं. मगच पुनर्मूल्यांकनाला पैसे भरावेत. त्यात गुण खालीही येऊ शकतात, आणि फरक ठरावीक टक्क्यांच्या वर गेला तरच नवे गुण धरायचे अशीही अट काही ठिकाणी असते.

तुला अजून दोन दारं ठोठावून बघता येतील. फार आशा लावत नाही, पण बघ. एक म्हणजे तुझं गुणपत्रक स्वतः पुन्हा मोजणं. मी तुझी सगळी पानं मोजली नाहीत, वर्षांच्या बेरजा तू दिल्यास त्याच धरल्या. पहिल्या वर्षी तुझी गणिताची केटी होती, म्हणजे तो विषय राहिला होता, म्हणतेस. ती सुटल्यावरची ग्रेड अंतिम गुणपत्रकावर चढली आहे का? माझ्या भाच्याच्या गुणपत्रकावर सुटलेल्या विषयाची जुनीच ग्रेड राहिली होती, आणि ती दुरुस्त व्हायला चार चकरा आणि दीड महिना लागला. दुसरं दार नियमावलीचं. वरचा वर्ग थोडक्यात हुकला तर ग्रेस म्हणजे वाढीव गुण द्यावेत, अशी तरतूद काही विद्यापीठांत असते. मुंबई विद्यापीठाच्या अध्यादेशांत ती आहे: सगळे विषय ग्रेसशिवाय सुटलेले हवेत, आणि कमी पडणारे गुण त्या परीक्षेच्या एकूण गुणांच्या एक टक्का किंवा दहा, यांत जे कमी असेल त्याच्या आत हवेत. तुझ्या विद्यापीठात असं काही आहे का, ते परीक्षा विभागात विचार, आणि तोंडी नाही, लेखी विचार. काही ठिकाणी क्लास इम्प्रूव्हमेंटसाठी पुन्हा बसूही देतात. मी तुझ्या जागी असते तर त्या वाटेला गेले नसते. त्या सहा पॉइंटसाठी एक अख्खं वर्ष जातं.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, ‘म्हणजे मी फर्स्ट क्लास नाहीच.’ इथे मला तुला जरा थांबवायचं आहे. वर्ग म्हणजे तुझी उंची मोजून लिहिलेला आकडा नव्हे. कुठल्या वर्षाला किती वजन द्यायचं हे कुणीतरी एका बैठकीत ठरवलेलं असतं, आणि ते दुसरीकडे दुसरं ठरलेलं असतं. आपल्याकडे ही वर्गांची भाषाच मुळी बाहेरून आली. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभी राहिली. त्याच ब्रिटनमध्ये आज बहुतेक विद्यापीठं पदवीचा वर्ग काढताना पहिल्या वर्षाचे गुण धरतच नाहीत. ते पास झालं की झालं. शेवटच्या वर्षाला आधीच्यापेक्षा जास्त वजन, कुठे दुप्पट, कुठे तिप्पट. तिथे ७० ला फर्स्ट आणि ६० ला त्याच्या खालची श्रेणी. ५९ च्या घरात कुणी अडकलं तर निम्म्याहून जास्त क्रेडिटमध्ये त्याचे गुण साठच्या वर आहेत का हे बघून वरची श्रेणी द्यायची, असेही नियम बऱ्याच ठिकाणी आहेत. तिथेही सगळं एकसारखं नाही. तेच गुण एका विद्यापीठात एक श्रेणी देतात आणि शेजारच्या शहरात दुसरी, आणि त्यावर तिथे वादही होतात.

तुझी वर्षं बघ: ५.४८, ६.५०, ६.९०, ७.९८. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग एकदम इंग्रजीतून इंजिनिअरिंग ड्रॉइंग आणि गणित. पहिल्या वर्षाने तुला खाली ओढलं, हे उघड आहे. तुझ्या विद्यापीठात चारही वर्षं सारख्या वजनाने धरतात, म्हणून ६.७१. तिसरं वर्ष एक वाटा आणि चौथं दोन वाटे, असं ब्रिटिश पद्धतीने धरलं तर तुझे ७.६२ झाले असते. बायोडेटात नुसतं ६.७१ लिहू नकोस. चारही वर्षांचे आकडे ओळीने लिही. इंटरव्ह्यू घेणाऱ्याला ती चढण एका नजरेत दिसते.

आता फॉर्म. खरा प्रश्न हाच आहे.

आधी त्या ९.५ ची गोष्ट, कारण दर वर्षी हजारो मुलं ह्यात अडकतात. हा आकडा सीबीएसईच्या दहावीचा. तिथे ग्रेड आल्या तेव्हा ९१ ते १०० गुणांच्या गटातल्या मुलांचे आधीच्या काही वर्षांतले गुण पाहिले, त्यांची सरासरी ९५ च्या आसपास निघाली, आणि ९५ ला १० ने भागून ९.५ झाले. दहावीच्या एका गटावरून निघालेला तो आकडा. तुझ्या इंजिनिअरिंगशी त्याचा काडीचा संबंध नाही. तुझ्या विद्यापीठाने सीजीपीएतून ०.७५ वजा करून दहाने गुणा असं सांगितलं आहे. तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद एआयसीटीई, तिच्या तक्त्यातही ६.७५ ला ६० टक्केच धरलेत. म्हणजे तुझे ५९.६ हे तुझ्या उच्च द्वितीय श्रेणीशी जुळतात. ६३.७५ जुळत नाहीत. कागद तपासणारा माणूस हेच आधी बघेल: टक्के साठच्या वर आणि प्रमाणपत्रावर फर्स्ट क्लास नाही, असं कसं? कुणी खोदून काढायची गरजच नाही, दोन कागद शेजारी ठेवले की झालं.

राउंड करून ६० ही पळवाटही नाही. बँकांच्या भरतीत आयबीपीएसच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं की ५९.९९ म्हणजे ६० पेक्षा कमीच. प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेला पदव्युत्तर परीक्षेत खुल्या गटासाठी ५५ टक्के लागतात, तेही राउंड न करता. खासगी कंपनी कदाचित सोडून देईल. पण ते त्यांनी सोडायचं असतं, आपण गृहीत धरायचं नसतं.

आईचं ‘कोण बघतंय’ कुठून येतं ते मला कळतं. घरात पहिली इंजिनिअर, पहिली नोकरी दारात आलेली. पण बघतात गं. रुजू झाल्यावर बाहेरच्या एजन्सीकडून पडताळणी करून घेणाऱ्या कंपन्या खूप आहेत, आणि ती एजन्सी सरळ विद्यापीठाला विचारते. सहा महिन्यांनी, दोन पगार घरी पोचल्यावर, पुण्यात खोलीचं डिपॉझिट भरल्यावर ‘अर्जात चुकीची माहिती’ म्हणून पत्र हातात पडलं तर ते आजच्या नकारापेक्षा किती तरी महाग पडेल. आज तुझी चूक ही चूकच आहे, सगळ्या वर्गाने केलेली. विद्यापीठाचं सूत्र कळल्यानंतरही तोच आकडा घेऊन तपासणीला गेलीस तर मग तिला चूक म्हणता येणार नाही.

मात्र लिहायच्या आधी एक काम कर. ती जाहिरात पुन्हा काढून वाच. खूप कंपन्यांची अट ‘६० टक्के किंवा ६ सीजीपीए’ अशी असते. तशी असेल तर ६.७१ ने तू सरळ बसतेस, आणि टक्क्यांचा रकाना दुरुस्त करण्यापलीकडे काही उरत नाही. तुझ्या पत्रात तू फक्त टक्के लिहिलेस. अट पूर्ण वाचली होतीस का, अशी मला शंका आहे, कारण फॉर्म भरायच्या घाईत तो ‘किंवा’ सगळ्यांच्याच नजरेतून सुटतो.

मग एचआरला मेल. इंग्रजीत लिही, पण मजकूर एवढाच: ‘अर्जात मी पदवीचे गुण ६३.७५ टक्के लिहिले होते. ते मी सीजीपीएला ९.५ ने गुणून काढले होते. माझ्या विद्यापीठाच्या अधिकृत सूत्रानुसार ते ५९.६ टक्के होतात. सीजीपीए ६.७१ आहे, शेवटच्या वर्षाचा ७.९८. गुणपत्रक सोबत जोडलं आहे. माझी पात्रता कशी धरायची ते कृपया कळवावं.’ पहिलं वर्ष कसं गेलं, घरची परिस्थिती काय, हे त्यात घालू नकोस. तपासणीच्या दिवशी टेबलावर तोंडी सांगण्यापेक्षा हे आधी गेलेलं बरं. तिथे रांग असते, आणि समोरच्याच्या हातात फक्त टिकमार्कची यादी.

नकार येऊ शकतो, हे लपवत नाही. अट कडक असेल तर येईलच. तसं झालं तर दारं कुठली उघडी आहेत? राज्यसेवा, यूपीएससी, बँकेची पीओ परीक्षा, या सगळ्यांना पदवी लागते, वर्ग नाही. गेट या इंजिनिअरिंगच्या देशपातळीवरच्या परीक्षेतून सरकारी कंपन्यांत जायचं तर मात्र बऱ्याच ठिकाणी ६० किंवा ६५ टक्के मागतात, तिथे आधी अट बघ आणि मगच फी भर. चाकण-भोसरीच्या मध्यम कारखान्यांत दोन वर्षं काढलीस की पुढच्या इंटरव्ह्यूला हीट ट्रान्सफरचे गुण विचारणारा माणूस मला तरी अजून भेटायचा आहे. माझ्या नवऱ्याचं प्रमाणपत्र सेकंड क्लासचं आहे. ते कपाटात कुठल्या फायलीत आहे हे त्याला सांगता येत नाही.

आणि बाबा. पेढे वाटले गेले, ते काही परत गोळा करायचे नाहीत. गल्लीला सांगत फिरायचीही गरज नाही. पण बाबांना सांग, आणि मेल पाठवायच्या आधी सांग, म्हणजे नकार आला तर घरात दोन धक्के एकदम बसणार नाहीत. दुपारी गिरणी रिकामी असते तेव्हा जा. गुणपत्रक उलटं करून तो तक्ता दाखव आणि काट्याचं उदाहरण दे. आयुष्यभर वजनं केलेल्या माणसाला हे तुझ्या प्राध्यापकांपेक्षा लवकर कळेल. कदाचित ते म्हणतील, असला काटा मी गिरणीत ठेवला असता तर गिऱ्हाईक फिरकलं नसतं.

सोमवारी विद्यापीठात किंवा कॉलेजच्या परीक्षा विभागात सीजीपीएच्या टक्केवारीच्या दाखल्यासाठी अर्ज दे, तो पुढे प्रत्येक फॉर्मला लागतो. त्याच अर्जाच्या जोडीला ग्रेसच्या तरतुदीची लेखी विचारणा लाव. दोन्हींवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घे आणि पैसे भरल्याची पावती त्यांच्याकडे सोडून येऊ नकोस. दाखला यायला पंधरा दिवसांहून जास्त लागले तर तपासणीला ती पावतीच सोबत ने.